बावीस दात्यांची चक्री

माझ्या सायकलच्या मागच्या चाकाला बावीस दात्यांची चक्री होती. आमच्या टापूत तेवढी मोठी चक्री दुसऱ्या कोणाच्याच सायकलला नव्हती. सगळे अठरावर चालायचे. ज्याला मिजास होती तो सोळा लावायचा आणि सिंदेवाहीच्या बाजारातून घंटी वाजवत सुसाट निघून जायचा. मी बावीसवर. सपाट रस्त्यावर माझे पाय शिलाई मशीनसारखे वरखाली व्हायचे आणि सायकल गाभण म्हशीसारखी चालायची. लोक हसायचे. त्यांना हसायला दुसरं काही नव्हतं, तर हसू दे म्हटलं. सायकल गंजून तिचा सांगाडा उरला तोवर मी ती चक्री काढली नाही.

का लावली ते सांगतो. मी दुसरीपर्यंत शाळेत गेलेला माणूस. लिहिण्यात चुका निघतील, त्या काढणाऱ्याने काढाव्या. गोष्टीत चूक निघणार नाही.

आधी चक्रीचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पायडलजवळ मोठी चक्री असते, मागच्या चाकाला लहान. दोन्हींवरून चैन फिरते. पुढची एकदा फिरली की मागचं चाक किती वेळा फिरतं, सगळा खेळ तेवढाच. माझ्या पुढच्या चक्रीला चव्वेचाळीस दाते होते. मागे अठरा असले तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक अडीचच्या जरा आत फिरतं. मागे बावीस असले तर बरोबर दोनदा. पावकी, निमकी, अडीचकी मास्तरने छडी मारून पाठ करून घेतली होती, ती इथे कामी आली. चाक कमी फिरलं की सायकल कमी पळते, पण पायाला जोर कमी लागतो. घाट चढायचा तर मोठी चक्री, सपाटीवर पळायचं तर लहान. आता हायवेवर नागपूरकडचे सायकलवाले दिसतात, त्यांच्या मागच्या चाकाला चक्र्यांची उतरंडच असते, बोटाने दाबली की बदलते. आम्हाला एकदाच ठरवावं लागायचं. घाटासाठी जे निवडलं ते सपाटीवरही सोसायचं.

आता घरचं सांगतो.

आम्ही दोघे भाऊ. बाप गेल्यावर वाटणी झाली. भांडण न होता झाली असं दादा जन्मभर सांगत आला. भांडण झालं होतं. दादा पंचांसमोर म्हणाला, याले शेती जमत नाई, हा सायकलवर हिंडून राह्यते. त्या एका बोलण्यावर मी उठलो आणि माझं वेगळं काढा म्हटलं. बैलांची जोडी तोडायची नाही असं पंचांनी ठरवलं, म्हणून बैल दादाकडे आणि बैलांबरोबर रेंगीही दादाकडे. रेंगी म्हणजे आमच्याकडची हलकी बैलगाडी, बायामाणसांना न्यायला-आणायला. माझ्याकडे एक गाय, खालच्या अंगाची बांधी म्हणजे धानाचं शेत, आणि सायकल. सायकल माझीच होती, ती वाटणीत धरायचं कारणच नव्हतं, तरी पंचांनी धरली.

हिंडत होतो हे खरं. धान कापून झालं की मी मीठ-मिरचीचा धंदा करायचो. ब्रह्मपुरीहून मिरची आणायची, स्टेशनावर उतरलेलं मीठ घ्यायचं, आणि जंगलातल्या गावांचे आठवडी बाजार धरायचे. कधी डोंग्यात सायकल आडवी टाकून वैनगंगेपलीकडेही जायचो. घाट आला की उतरून सायकल ढकलायची. सगळेच ढकलायचे. मला ते पहिल्यापासून आवडत नव्हतं. सायकल माणसाने चालवायला घेतली, तिला माणसाने ओढायचं तर बैल काय वाईट.

लग्न वाटणीच्या आधी झालं होतं. नवी बायको त्याच रेंगीतून घरी आली. मग पहिल्या आषाढात आखाडी करायला माहेरी गेली, आणि ती तिकडे असताना इकडे आमची वाटणी झाली. पोळा झाला, दसरा झाला, तिची पहिली दिवाळीही तिकडेच झाली. आता तिला आणायची होती. आणायची म्हणजे रेंगी पाहिजे, आणि रेंगी दादाकडे.

दादा स्वतःहून आला होता. मी बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसलो होतो. तो म्हणाला, रेंगी उभी हाये, घेऊन जाय. मी पाहतो म्हटलं आणि पाहिलं नाही. मागितली असती तर त्याने दिलीच असती. न मागताही देत होता. मला तेच नको होतं. ज्याने पंचांसमोर मला हिंडणारा म्हटलं, त्याच्या बैलांमागे बसून मी माझ्या बायकोला घरी आणायचं आणि गावाने ते पाहायचं. गावातल्या दुसऱ्या कोणाची रेंगी मागितली असती तर ती गोष्ट संध्याकाळच्या आत दादाच्या कानावर गेली असती. म्हणून मी सायकल पुसली, तेल घातलं आणि सासरवाडीला गेलो.

सासरवाडी घाटापलीकडे, खाली. सासरा ओसरीवर अंबाडीचा दोर वळत बसला होता. तो कधी आवाज चढवून बोलायचा नाही. मान वर न करता बोलायचा, आणि जावयाला मान देऊन बोलायचा, त्यामुळे ते जास्त लागायचं.

"जवाईबापू, रेंगी कुठी हाये?"

"आणली नाई, मामाजी."

"मंग पोरगी का डोक्यावर नेता?"

"सायकलवर नेतो."

त्याने दोराला पीळ दिला. आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज चालू होता तो थांबला.

त्या गावची एक रीत होती, ती सांगायला पाहिजे. सासरी निघालेल्या लेकीचा पाय गावच्या शिवेच्या आत मातीला लागू द्यायचा नाही. उंबऱ्यावरून थेट गाडीत बसायचं, शीव ओलांडली की मग कुठेही उतर. आत पाय लागला तर माहेरची माती तिला धरून ठेवते, ती सासरी टिकत नाही, असं म्हणायचे. दुसऱ्या गावांत शीव म्हणजे नाला नाहीतर एखादं झाड असायचं. या गावची शीव होती घाटाच्या माथ्यावर, वाघोबाच्या दगडाजवळ. म्हणजे सगळा चढ शिवेच्या आत.

सासरा म्हणाला, "न्या ना. माही रेंगी मांगं मांगं येईल. घाटात तिचा पाय खाली लागला तं तितूनच तिले माघारी आणतो. मंग बैलजोडी घेतल्याबिगर येऊ नोका."

बैलजोडी घ्यायला मला किती वर्षं लागली असती ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मी हाव म्हटलं. आमच्या घराण्यात विचार करून हाव म्हणायची पद्धत नाही.

बायको पाणी घेऊन आली. पदर पुढे ओढलेला. मी तांब्या परत दिला तेव्हा तिने हळूच एवढंच म्हटलं, "मले पडाची सवय नाई." येते म्हणाली नाही, नाही येत असंही म्हणाली नाही. घाटातून सायकल ढकलत परत येताना मी त्या बोलण्याचा अर्थ लावत होतो. मनात तिने यायचं ठरवलेलं नसतं तर पडायचा विचार तिने कशाला केला असता?

सिंदेवाहीला स्टेशनाकडच्या रस्त्यावर एका मुसलमान चाचाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. अंगाने आडवा, तोंडात सदा पान, आणि गिऱ्हाईकाला वेड्यात काढल्याशिवाय हात काळे करायचा नाही. मी म्हटलं, मागची चक्री मोठी पाहिजे. कोणासाठी, त्याने विचारलं. घाटासाठी म्हटलं.

"घाट तो सारी दुनिया ढकलत चढते, भाऊ."

"मले ढकलायची नाई. बायको बसली राहीन."

त्याने पान थुंकलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. मग दुकानातल्या सगळ्या डब्या उलट्या केल्या. सोळा, अठरा, अठरा, सोळा. एक जुनी वीस निघाली. ती लावली.

आता बायकोचं वजन मला कुठे माहीत. अंदाजाने कॅरिअरवर मिठाचं पोतं बांधलं, वर मिरचीचं अर्धं पोतं ठेवलं, आणि घाटावर गेलो. बायकोला जो चढ चढायचा होता तोच, म्हणजे पलीकडे उतरून तिकडून वर. पहिलं वळण निघालं. दुसऱ्या वळणाच्या आतच पाय थांबले. दम बाकी होता, छातीत काही नव्हतं, पण पायडल वरच्या टोकाला येऊन अडलं ते खाली जाईना. उभा राहून जोर दिला तरी जाईना. पोत्यासकट आडवा झालो. मोहाखाली गुरं चारणारी दोन माणसं बसली होती. त्यांनी मीठ भरून द्यायला हात लावला आणि विचारलं, सायकलवर बसून मीठ चढवायचं कोणी सांगितलं? सासऱ्यानं, मी म्हटलं. त्यांनी पुढे विचारलं नाही.

मी परत चाचाकडे. वीस नाही चालत म्हटलं. तो म्हणाला, वीसच्या वर सायकलला येतच नाही, वर येते ती रिक्षाला. मग रिक्षाची आण म्हटलं. नागपुरात तेव्हा सायकल-रिक्षा झाल्या होत्या, दोन-दोन सवाऱ्या ओढायच्या, त्यांना मागे मोठी चक्री. चाचाचा साळा तिकडे रिक्षा दुरुस्त करायचा. त्याच्याकडून छोट्या रुळांच्या आगगाडीने बावीस दात्यांची चक्री आली, कापडात बांधून, ग्रीस लागलेली. चाचाने ती हातावर घेऊन उलटी फिरवून दाखवली. आवाज जाड होता, करकर करकर. आमच्या चक्र्यांचा आवाज त्यापुढे नाजूक वाटला.

बसवताना चैन पुरेना. मोठ्या चक्रीला चैन जास्त लागते. जुन्या चैनच्या कड्या काढून जोडल्या, मागचं चाक थोडं पुढे सरकवलं, तेव्हा जमलं. चाचा हात पुसत म्हणाला, "एक बात बोलू का भाऊ, बुरा नको मानू. सपाटी पे तुझी बायको तुझ्या आधी पायी घरी पोचेल."

मी म्हटलं, सपाटीवर कोणी पैज लावली नाही.

तरी दुकानातून निघालो तेव्हा पहिल्यांदा कळलं तो काय म्हणत होता. पाय फिरतात, फिरतात, आणि रस्त्यावरचा दगड तिथेच. डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया माझ्याबरोबर चालत होत्या आणि आपसात बोलतही होत्या. घरी येईस्तोवर अंधार पडला. गावात त्याच रात्री बातमी झाली की याने रिक्षाचं सामान लावून सायकलची म्हैस केली. दादाच्याही कानावर गेलंच असेल.

पण घाटावर पोतं घेऊन गेलो आणि सायकल चढली. सांगतो, चढली. घाम फुटला, मांड्या भरून आल्या, पण पायडल कुठे अडलं नाही. वाघोबाच्या दगडाजवळ पोचलो तेव्हा येणारे-जाणारे टाकतात तसं मीही एक पान तोडून टाकलं आणि खाली गावाकडे पाहिलं. सासऱ्याच्या घराची कवलं दिसत होती.

ठरल्या दिवशी सकाळीच गेलो. कॅरिअरवर गोधडी घडी करून बांधली होती. सासरवाडीच्या रस्त्यावर लोक कापणी सोडून उभे. घाटात बाई सायकलवर चढते का नाही, हे पाहायला शेजारच्या टोलीवरूनही, म्हणजे वाडीवरूनही, आले होते. सासऱ्याने रेंगी जुंपून ठेवली होती, तिच्यावर मोठा साळा बसला होता. बैल त्याने मुद्दाम तेच निवडले होते जे शंकरपटाच्या शर्यतीत पळवायचे.

सासूबाईने लेकीची ओटी भरली, पायांना माहूर लावला. माहूर म्हणजे तो लाल रंग, तळव्यांनाही लावतात. उंबऱ्याला लागून पाट ठेवला, पाटाला लागून मी सायकल धरली. बायको पाटावरून कॅरिअरवर बसली. पाय कुठेही लागला नाही. मी पायडलवर पाय ठेवला. तेवढ्यात सासूबाई आतून आली, डोक्यावर टोपली. टोपलीत अनारसे, करंज्या, लाडू. तिच्यामागे एक बाई, तिच्या हातात नव्या धानाच्या तांदळाची पिशवी. तिच्यामागे आणखी एक, तिच्याकडे भोपळा. भोपळा साधा नाही, छपरावर पावसाळाभर वाढलेला.

माझ्या डोळ्यांसमोर घाटाचं दुसरं वळण आलं. मी बायकोचं वजन केलं होतं, पोत्याने का होईना. लेक माहेरून रिकाम्या हाताने निघत नसते, हे जगातल्या प्रत्येक माणसाला माहीत असतं आणि मला तेवढं आठवलं नव्हतं. ते परतही करता येत नाही. नव्या तांदळाला नको म्हणणं म्हणजे घराला नको म्हणणं.

सासरा पहिल्यांदाच मान वर करून बोलला. "टाका ना रेंगीत, जवाईबापू. रेंगी येतच हाये मांगं."

"नाई मामाजी. तिचं सामान तिच्यासंगच येईन."

तांदळाची पिशवी हँडलला अडकवली. टोपली बायकोच्या मांडीवर. भोपळा टोपलीवर, तो तिने दोन्ही हातांनी धरला, मग मला धरायला तिच्याकडे हातच उरले नाहीत. मागून फक्त म्हणाली, "हळू." आणि शिंकली. माझ्या कॅरिअरला बारा महिने मिरचीचा खकाणा बसलेला असायचा.

घाटापर्यंत सपाट रस्ता होता, आणि तिथे माझी शोभा झाली ती सांगायला मला काही वाटत नाही. मी वेड्यासारखे पाय मारत होतो. पोरं पळत पुढे जाऊन उलटी वळून आम्हाला पाहत होती. बैल बाजूने निघून गेले, साळा कासरा ढिला सोडून म्हणाला, भाऊजी, घाटाखाली बिडी पित बसतो, या सावकाश. मागे लोक हसले. बायको शिंकत होती. घाट सुरू होईपर्यंत ज्याला हसायचं त्याने हसून घ्यावं.

घाट लागला. मुरमाचा रस्ता, दोन्हीकडे साग, खाली बांबूची रांजी, दाट बेटं. चक्रीचं करकर बंद झालं, कारण आता पाय एक क्षणही सुटे नव्हते. सायकल चढू लागली. माझी गती तीच राहिली, सपाटीवर होती तेवढीच. बैल मात्र मंदावले. पहिल्या वळणाआधीच मी रेंगीच्या बाजूने पुढे निघालो. साळ्याच्या हातात बिडी तशीच होती. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहायला मान वळवावी लागली असती आणि तेवढाही जोर वाया घालवायचा नव्हता.

दुसऱ्या वळणाशी मांड्या बोलू लागल्या. पिशवीमुळे हँडल एका बाजूला ओढत होतं. पुढचं चाक सापासारखं जाऊ लागलं. मागे बायको हे सगळं पाहत होती. तिने मला काही विचारलं नाही. एकदम मागचा भार हलका झाला आणि खाली धडधड असा आवाज आला. तिने भोपळा सोडून दिला होता. तो रस्त्यावरून उड्या मारत खाली गेला, थेट बैलांच्या पायांत. बैल बुजले, साळा रेंगीतून उडी मारून त्यांच्या तोंडाशी धावला. आपल्या आईचा भोपळा आपल्या भावाच्या बैलांवर सोडणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. मग तिचा मोकळा हात माझ्या कमरेला आला. ती माझ्याबरोबर येणार आहे, हे मला त्या हाताने सांगितलं.

दुसरं वळण निघालं. वाघोबाचा दगड दिसू लागला. आणि तिथे, दगड समोर दिसत असताना, पायडल वर येऊन अडलं.

मी उभा राहिलो. सारं अंग पायडलवर टाकलं. सायकल एक वीत सरकली आणि थांबली. आता एकतर मी पाय टेकायचा, नाहीतर दोघांनी आडवं व्हायचं. आणि पाय टेकायचा नाही असं मी सगळ्या टापूला सांगून बसलो होतो. चाचाला, आमच्या गावाला, गुराख्यांना. सायकल कलायला लागली होती.

बायको माझ्या पाठीशी तोंड आणून म्हणाली, "उतरा. पाय माहा लागू द्याचा नाई मनलं हाये. तुमचा नाई मनलं."

"मी उतरत नसतो."

"मंग मी जातो माघारी. बैल घेऊन या सवडीनं."

मी उतरलो. उतरलो, तर काय झालं? एका हाताने हँडल धरलं, दुसरा हात तिच्या पाठीमागून कॅरिअरखाली घातला, आणि पोटाचा जोर लावून ढकलायला लागलो. ती वर बसलेली, टोपली मांडीवर, दोन्ही पाय जुळवून उचललेले. सायकल माझ्या अंगावर येत होती, मुरूम पायाखालून सरकत होता. दगड आहे तिथेच वाटत होता. साळा तोवर भोपळा बगलेत घेऊन, बैल सोडून, पायीच धावत वर आला.

"भाऊजी, तुमी ढकलून राह्यले. हे नाई चालत."

माझ्याकडे बोलायला दम नव्हता. बायकोने वरूनच उत्तर दिलं. "माह्या पायाकडं पाह्य दादा. त्याईच्या पायाकडं काऊन पाहून राह्यला?"

तो खरंच तिच्या पायांकडे पाहत चालायला लागला. अगदी वाकून, कुठे बोट लागतं का. मी ढकलतो आहे, ती राणीसारखी बसली आहे, आणि तिचा मोठा भाऊ भोपळा घेऊन तिच्या तळव्यांवर डोळा ठेवून वाकून चालतो आहे, असे आम्ही तिघे शिवेवरून पार झालो. मी थांबलो नाही. पार गेलो, आणखी पुढे गेलो, त्याला वाद घालायला जागा उरू नये म्हणून. मग सायकल सागाला टेकवली.

साळा म्हणाला, तळवे दाखव. तिने दाखवले. माहूर जसाच्या तसा, कुठे मातीचा कण नाही. तो बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने भोपळा माझ्या सायकलजवळ आणून ठेवला आणि बैलांकडे उतरून गेला. तो मनाने वाईट नव्हता. घरी जाऊन बापाला काय सांगायचं याचीच त्याला चिंता असावी.

आता उतार होता. बस म्हटलं तर बायको बसेना. ती म्हणाली, "बसून बसून कंबर धरली. मले आता चालू द्या." उतारावर तिला घेऊन वाऱ्यासारखं जायचं हे मी मनात किती वेळा पाहून ठेवलं होतं. तिने टोपली डोक्यावर घेतली आणि पुढे चालायला लागली. मी मागे सायकल धरून, कॅरिअरवर भोपळा. वाटेत तिने विचारलं, घाट चढतो हे तुम्हाला आधी कसं माहीत? मी पोत्याचं सांगितलं. मिठाचं पोतं आणि वर अर्धं मिरचीचं. ती थांबली.

"माही मापणी मिठानं केली?"

"दुसरं काही नव्हतं."

"आनि मिरची कशापायी?"

मी म्हटलं, ते आत्ताच कळलं. गावात पोचेपर्यंत तिचं हसणं थांबलं नाही. त्यावर आमच्या घरात पुढे जन्मभर बोलणं झालं, मी कधी जेवणात मीठ कमी आहे म्हटलं की ती विचारायची, अजून एक पोतं आणू का.

गल्लीत दादा उभा होता. बैल जुंपलेले, रेंगीत नवा कडबा पसरलेला, वर चादर. तो कुठे निघाला होता ते मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. बायको त्याच्या पाया पडली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग बैलांच्या मानेवरून जू उतरवलं आणि त्यांना आत नेलं.

यानंतर चक्री काढून अठरा लाव, असं सगळ्यांनी सांगितलं. बायको आली, काम झालं, आता कशाला. चाचाने तर माझी जुनी अठरा जपून ठेवली होती. मी म्हटलं नाही. जिने बायको आणली तिला मी डब्यात टाकत नसतो. मिठाचे बाजार मी बावीसवरच केले, ब्रह्मपुरीपर्यंत गेलो ते बावीसवरच. सगळ्यांच्या आधी निघायचो आणि सगळ्यांच्या मागून पोचायचो. घाटात मात्र पोत्यासकट बसून चढायचो, आणि जे मला सपाटीवर हसून पुढे गेलेले असायचे ते तिथे उतरून ढकलत असायचे. मी हसायचो नाही. घंटी वाजवायचो.

सासऱ्याकडे गोष्ट वेगळी सांगितली जायची. जावई उतरला, ढकलत होता, असं ते म्हणायचे. खरं होतं. पण लेक परत माघारी गेली का? तेवढं कोणी सांगत नव्हतं.

होळीच्या आसपास सासरा स्वतः आला. घाट पायी चढून आला होता, कपाळावर घाम. लेकीला पाहिलं, पाणी प्यायला, आणि अंगणात सायकल उभी होती तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसला. एका हाताने पायडल मागे फिरवलं. चक्री करकरली. त्याने बोट लावून दाते मोजले, मधेच चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजले. मी ओसरीवरून पाहत होतो.

"बावीस."

"हाव मामाजी, बावीस."

"सपाटीवर बहुत हळू जाते मनतात."

"जाते."

"मंग कायले ठेवली?"

"मले घाई नाई," मी म्हटलं.

तो हात गवताला पुसून उठला. दोन घास जास्तच जेवला. जाताना लेक म्हणाली, घाटापर्यंत सायकलवर सोडतात, बसा. त्याने डोक्याला पटका गुंडाळला, काठी घेतली आणि पायी निघाला. मी बसा म्हटलं नाही. तो बसलाही नसता.